तीन म्हणायचं नाही

यातलं काहीही माझ्या पदरचं नाही. जिच्यावर हे गुदरलं ती माझ्याच वॉर्डात नर्स आहे. वीस वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली बाई. माणसं जाताना रोज बघते, आणि भुताचा विषय निघाला की सगळ्यात मोठ्याने हसते.

हसायची, असं म्हणू या.

तिला सगळे सिस्टरच म्हणतात. इथेही तेच चालू दे. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे साडेनऊ, डोंगरावरची पायवाट. दिवसाढवळ्या घडलं म्हणूनच जास्त छळतं.

आधी तिच्या बाबांबद्दल सांगते.

बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. सहा दिवस गाडीखाली उताणे, सातव्या दिवशी रानात. मित्रांनी नावच 'पायपीट' ठेवलं होतं. पण एकटे कधी गेले नाहीत. बायको, मुलगी, मुलगा, सगळं बिऱ्हाड बरोबर. चढ लागला की सगळ्यांच्या पिशव्यांतलं जड सामान गुपचूप स्वतःच्या पाठीवर घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "वजन नसलं की माझा तोल जातो."

चालायचे सगळ्यात मागे. कोणी मागे राहायला नको म्हणून.

दर अर्ध्या तासाने मागून त्यांचा आवाज यायचा, "एक." त्यांच्या पुढे आई, "दोन." मग सिस्टर, "तीन." सगळ्यात पुढे धाकटा भाऊ, "चार." चारही आकडे आले की रांग निघायची. एक जरी आला नाही, तरी बाबा जागेवरच थांबायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे.

नऊ वर्षांची असताना ती एकदा रुसून झुडपामागे जाऊन बसली. मुद्दाम 'तीन' म्हणाली नाही. बाबा भर पावसात दोन तास एका जागी उभे होते. शेवटी तीच घाबरून बाहेर आली. ते रागावले नाहीत. तिचं डोकं पुसत एवढंच म्हणाले, "तू म्हणेपर्यंत मी हलणार नव्हतो, बाळा."

इतकी वर्षं रानावनात हिंडलेला हा माणूस गेला तो वर्कशॉपमध्ये. मंगळवारी, डबा खाताना. हृदय बंद पडलं.

वर्षभराने आईने हट्ट धरला, त्यांच्या आवडत्या वाटेवर एकदा जाऊन येऊ. म्हणून तिघं निघाली. पुढे भाऊ, मध्ये सिस्टर, मागे आई. वर पोचेपर्यंत धुकं उतरलं होतं. दहा पावलांपलीकडचं दिसेना.

"बाबा असते तर एव्हाना माझी पिशवी रिकामी झाली असती," भाऊ म्हणाला. आई हसली. कितीतरी दिवसांनी.

आकडे मात्र कोणी म्हणत नव्हतं. सुरुवात करणाराच नव्हता ना.

एका वळणावर भाऊ दम खायला थांबला. सिस्टर थांबली. आई थांबली.

बुटांचा आवाज मात्र आणखी चार पावलं येत राहिला...

मग तोही थांबला.

आणि आईच्या मागून, धुक्यातून...

"एक."

चढून आलेल्या माणसाचा, जरा धाप लागलेला आवाज.

आईने मागे वळूनही पाहिलं नाही. चाळीस वर्षांची सवय. "दोन," ती म्हणाली.

सिस्टरच्या जिभेवर तीन आला होता. तिने ओठ दातांखाली धरला. ती म्हणते, त्या क्षणी तिला एकच गोष्ट लख्ख कळली. आपण तीन म्हटलं की धाकटा चार म्हणणार. मग रांग पुरी होणार. आणि पुरी झालेली रांग निघते.

कुठे निघणार, याचा विचार तिला करवला नाही.

मग पुन्हा...

"एक."

"दोन," आई म्हणाली, आणि वाट बघत लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

भाऊ पांढराफटक पडला होता. दोघांनी आईला दंडाला धरून दुसऱ्या वाटेने उतरवलं, जवळजवळ ओढतच. तो आवाज मागे आला नाही. एकाच जागेवरून येत राहिला, लांब लांब होत गेला. त्यात राग नव्हता. तेच ऐकवत नव्हतं, असं ती म्हणते.

"अगं, ते थांबलेत तिथे," आई वाटभर विनवत होती. "गारठतील गं."

घरी आल्यावर सुटलो असं वाटलं. दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई भाजी चिरत होती. सुरी मध्येच थांबली...

"दोन," आई म्हणाली.

मग मान वर करून लेकीकडे बघत राहिली. "म्हण की गं. किती ताटकळत ठेवशील त्यांना?"

त्यानंतर दिवसातून चाळीस-चाळीस वेळा. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, रिपोर्ट सगळे चांगले. जेवण मात्र कमी होत गेलं. अकराव्या आठवड्यात सिस्टर ड्युटीवरून घरी आली तेव्हा आई खुर्चीत बसलेली दिसली. अंग अजून कोमट होतं. पायात डोंगरात घालायचे बूट, नाड्यांना दोन-दोन गाठी. सिस्टरने सोळा मिनिटं छाती दाबली. ज्या हातांनी परकी माणसं परत आणली, त्याच हातांनी. काही उपयोग झाला नाही.

चौथ्या दिवशी ती कामावर आली. औषधांची ट्रॉली लावत होती. मी शेजारीच होते, मला काही ऐकू आलं नाही. तिच्या हातातली बाटली मात्र पडली.

तिने ऐकलं होतं...

"एक."

आणि लगेच, त्याच्या जवळूनच, "दोन."

पुढे एका शब्दापुरती जागा.

तेव्हापासून ती तीन म्हणत नाही. पेशंटला सांगते, "दोन गोळ्या, आणि वर आणखी एक." नवीन मुली हसतात. मी हसत नाही.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. त्याचं बाळ दोन महिन्यांचं आहे. डोंगरावरच्या त्या दिवसाबद्दल तो अवाक्षर काढत नसे.

"ताई, तुला ऐकू येतं ना?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मलाही येतं. दिवसभर. आईचा आवाज दमलाय गं आता."

"लक्ष देऊ नकोस. रेडिओ लाव मोठ्याने."

"लावून बघितला. ताई, एकदाच म्हणून टाक ना. माझ्या तोंडात चार येऊन बसलाय. घास गिळता येत नाही मला."

"तुला लेकरू आहे," ती म्हणाली.

"बाबांनाही होती की," तो म्हणाला. मग दोघंही रडली.

आता तो रोज फोन करतो आणि काही बोलत नाही, नुसता वाट बघतो. हिला फोन ठेववत नाही. बाबा उभे आहेत म्हणून तिचा जीव तुटतो, आणि भाऊ राहावा म्हणून तोंड मिटून बसते.

जागेपणी ती सांभाळते. भीती आहे ती झोपेची. चुकून बोलून गेलो तर, म्हणते. म्हणून दुपारच्या सुट्टीत ड्युटी रूममध्ये ती आडवी झाली की मी तिच्या ओठांवर चिकटपट्टी लावते. ड्रेसिंगला वापरतो तीच. सुट्टी संपली की काढते.

काल काढायला वाकले. ती गाढ झोपली होती.

पट्टीखाली ओठ हलत होते...

मी पट्टी काढली नाही. वर आणखी एक लावली.