आठ नंबरच्या टेबलावरची ऊब

लातूरच्या त्या मेडिकल कॉलेजात पोट उघडण्याआधी ते बाहेरून शिकावं लागे. बरगड्या कुठं संपतात, यकृताची कड कुठवर येते, अपेंडिक्स कुठं असतं, सगळं कातडीवर आखायचं आणि बोटांनी चाचपायचं. आठ नंबरच्या टेबलावर देहदान केलेला एक म्हातारा होता. फॉर्मालिननं त्याचं पोट ताठ आणि गारढोण झालेलं. सोमवारी बेंबीपाशी लुंबिनीची बोटं थबकली. तिथं लिंबाएवढी जागा कोमट होती.

"झोप पूर्ण कर गं बाई," तिनं ते सांगताच शेजारी उभी असलेली तनुजा हसली. "फॉर्मालिन डोक्यात गेलंय तुझ्या."

मंगळवारी ती ऊब उजवीकडं खाली सरकली होती. अपेंडिक्सची खूण केली होती, बरोबर तिथं. लुंबिनीला स्वतःचाच राग आला. डॉक्टर व्हायला निघालेली पोरगी, आणि मढ्याच्या उबेला घाबरते! तरी संध्याकाळी राहवेना म्हणून तिनं अर्धापूरला आईला फोन लावला.

"पोट दुखून राहिलंय थोडं," सरजाबाई आढेवेढे घेत म्हणाली. "काल बेंबीपाशी होतं, आज उजवीकडं खाली हाय. तुझी परीक्षा हाय म्हणून न्हाई सांगितलं, माय."

"आई, आत्ताच्या आत्ता नांदेडला दवाखान्यात जा."

"हाव, आदर्श कामावरून आला की निघते."

बुधवारी ती जागा गार लागली. लुंबिनीच्या जिवात जीव आला. व्हरांड्यात येऊन तिनं घाईनं फोन लावला.

"दवाखान्यात कशाला? बेंबी सरकली होती," आई खुशीत होती. "सकाळीच शेजारच्या कस्तुराबाईनं तेल लावून चोळलं, दाबून दाबून जागेवर आणली. एकदम थांबलं बघ. लई हलकं वाटून राहिलंय."

लुंबिनी भिंतीला टेकली. अपेंडिक्स फुटलं की दुखणं असंच थांबतं. मग आतली घाण पोटभर पसरते.

तिनं आदर्शला फोन केला. अक्षरशः ओरडली धाकट्या भावावर. तो आईला घेऊन निघाल्यावरही तिला उभं राहवेना, बसवेना. दोनदा जिना उतरली, दोनदा चढली. शेवटी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये परतली. तिथं कुणी नव्हतं.

हातमोजा न घालताच तिनं म्हाताऱ्याच्या पोटावर हात ठेवला.

बरगड्यांपासून कमरेपर्यंत पोट तापलेलं होतं.

ती हात ठेवून उभीच राहिली. तासाभरानं आदर्शचा फोन आला. "ताई, आईला ऑपरेशनला आत घेतलंय. उशीर केला म्हनून डॉक्टर लई बोलले."

फोन ठेवला आणि तळव्याखालची ऊब कडांकडून उतरू लागली. आधी बरगड्यांजवळची गेली, मग कुशीतली. आई बरी होतेय की हातची जातेय, लुंबिनीला कळेना. तिनं दुसराही हात टेकवला, घट्ट.

आता फक्त बेंबीभोवती थोडी उरली होती.

फोन वाजला. आदर्शच होता.

हात उचलला तर तेवढीही जाईल म्हणून ती नुसती त्या फोनकडं बघत राहिली.