डब्यातलं मेण

"अहो, तुमचा डबा गळतोय... माझा ड्रेस पार ओला झाला!"

क्रांती चौकातून निघालेल्या शेअर रिक्षात विशाखा कुरकुरली, तसा शेजारच्या तरुणानं स्टीलचा डबा घाईनं मांडीवर घेतला.

"माफ करा, मॅडम. बर्फ हाय. आत मेणाची वडी हाय, उन्हात वितळंल म्हणून..."

विशाखानं त्याच्याकडं नीट पाहिलं. गाठीचा तुकडा मेणात बसवून पुढच्या तपासणीसाठी पेशंटकडंच देतात. आणि ती तपासणी होते त्याच लॅबमध्ये ती नोकरीला होती.

"एवढ्या उन्हानं नाही वितळत ते," ती हसली. "कोणाचं आहे?"

"माझंच." तोही हसला. "फुप्फुसातलं. बिडी नाय, तंबाखू नाय... तरी बी."

ओठांवरचं हसू आता कुठं ठेवावं, तिला कळेना.

संघपाल त्याचं नाव. बिडकीनचा.

पेशींना आवर घालणारं एक प्रथिन असतं. ते शाबूत असलं की डॉक्टर जरा धीरानं बोलतात. विशाखानं त्याच्या स्लाइडवर रंग चढवला. भोवतीच्या निरोगी पेशी तपकिरी झाल्या. गाठ मात्र नुसती निळी. तिथं ते प्रथिन नव्हतंच. तिनं काच पुसून पुन्हा पाहिलं. काच स्वच्छच होती.

डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. तरी किमोला आला की तो लॅबच्या पायऱ्यांशी थांबायचा — हातात तोच डबा.

"आज काय वितळतंय?"

"आईचे धपाटे... मॅडम, लोक आधी पोराचं घर बघतात. तुम्ही डायरेक्ट फुप्फुसच बघितलं!"

"आवडलं नाही मला ते."

"आन् पोरगा?"

तिनं डब्यातलं शेवटचं धपाटंही उचललं.

थंडी पडल्यावर त्यानं तिला घरी जेवायला नेलं. ती कुठल्या लॅबमध्ये असते, हे मात्र घरी सांगितलं नव्हतं. त्याची आई, गीताबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. या घरात दुखण्याला 'खोकला' म्हणत. केस गेले, तर 'उष्णता'.

"खा गं पोरी. खोकल्यानं वाळलाय जरा, बाकी काय नाय."

"आई," विशाखा म्हणाली. आतापर्यंत ती 'मावशी' म्हणत होती. "मला या घरात यायचंय."

संघपालचा घास हातातच राहिला. गीताबाईचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपू लागली. विशाखानंच पुढं होऊन ती उलटली.

गीताबाईनं पदराला हात पुसले. लेकाकडं पाहिलं नाही.

"तुला फसवून आणायची नाय मला, पोरी. खोकला नाय त्याला... कॅन्सर हाय."