डॉक्टरांची चाल

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. हॉलमध्ये दीडशे माणसं होती, कुणालाही विचारा.

मी क्रांती. राहायला जुईनगरला. गेल्या बुद्धपौर्णिमेची संध्याकाळ... सात वाजले होते.

आमचा सोळा बायकांचा गायनवृंद डॉ. धम्मपाल यांनी उभा केला. दिवसा दवाखाना, संध्याकाळी आमची तालीम. पेशंट तपासताना चाल सुचली की औषधाच्या चिठ्ठीमागेच लिहायचे. शेवटचं गाणं तीन वर्षं रचत होते. चार सुरावटी एकमेकींत गुंफलेल्या.

ते आम्ही लोकांसमोर गाण्याआधीच डॉक्टर गेले. हार्ट अटॅक.

पेटी वाजवणाऱ्या अश्विनने त्या चिठ्ठ्या उचलल्या. आणि बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापलं... 'संगीत: अश्विन'.

डॉक्टरांच्या पत्नी, सोनमताई, तालमीला आल्या.

"अश्विन, फक्त त्यांचं नाव टाक रे."

"पुरावा आहे का, ताई?"

त्या माझ्याकडे वळल्या. "क्रांती, तुझ्यासमोर लिहिलंय ना त्यांनी?"

"मला नाही आठवत."

आठवत होतं. पण अश्विनने मला सोलो दिला होता.

कार्यक्रम सुरू झाला. अश्विन आमच्याकडे तोंड करून हात हलवत होता. गाण्यात मध्येच एक जागा होती, तिथे सगळ्यांनी थांबायचं. आम्ही थांबलो.

एक आवाज थांबला नाही...

पुरुषाचा. खर्जातला.

आमच्यात पुरुष गायक नव्हताच.

अश्विनचे हात हवेतच राहिले. मग तो आवाज गाणं सोडून बोलला. दवाखान्यात डॉक्टर पेशंटला सांगायचे तसा, अगदी मायेनं...

"आ करा."

अश्विनचं तोंड उघडलं.

"अजून."

जबडा कट्कन वाजला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओरडता येईना.

"अजून..."

माझ्या शेजारच्या नमिताने धावत जाऊन माइक बंद केला.

आवाज येतच राहिला.

जबडा हॉस्पिटलात बसवला. पण अश्विनचा आवाज गेला तो गेलाच. तीन ठिकाणी तपासलं. घशात काहीच दोष नाही म्हणतात.

परवा सकाळी मी भाजी घ्यायला गेले. भाजीवाला म्हणाला, "काय देऊ ताई?"

मी तोंड उघडलं...

'मेथी' म्हणायला मला दोन मिनिटं लागली.

घाबरून काल सोनमताईंकडे गेले. खरं सांगून टाकायला. बेल वाजवली. आतून त्यांनी विचारलं, "कोण?"

मला नावही सांगता आलं नाही.

म्हणून हे लिहून काढलंय. सोनमताईंनाही हाच कागद देणार आहे.

डॉक्टरांना तेवढं पुरेल का... माहीत नाही.