आवक क्रमांक दोनशे सतरा

विषय : त्या चौघांच्या बँडच्या कार्यक्रमास जाण्याची परवानगी मिळणेबाबत.
अर्जदार : कन्या, वय वर्षे एकोणीस.
संदर्भ : मूळ अर्ज एक, स्मरणपत्रे पाच.
सद्यःस्थिती : शेवटी नमूद केली आहे.

हा अर्ज ज्यांच्याकडे आला, त्या गृहस्थांना ऑफिसात सगळे ‘बारनिशी’ म्हणत. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, बारनिशीच्या वहीत त्याला क्रमांक द्यायचा आणि कागद पुढच्या टेबलावर ढकलायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. माणूस गमत्या, पण गंमत करताना तोंडावरची माशी हलू द्यायचा नाही. घरातही त्यांचा नियम होता, जे मागायचं ते लेखी मागा. बायकोने एकदा ‘खिडकीस पडदा मिळणेबाबत’ अर्ज केला आणि खाली टीप लिहिली, ‘दोन दिवसांत निकाल न लागल्यास स्वयंपाकघर बंद राहील.’ पडदा दुसऱ्याच दिवशी लागला.

लेकीचे अर्ज मात्र ते मुद्दाम रखडवत. ती कमरेवर हात ठेवून विचारायची, “साहेब, आमच्या कागदाचं काय झालं?” हे चष्म्यावरून बघत म्हणायचे, “विचाराधीन आहे.” मग दोघंही हसायची.

लेकीला त्या बँडचं वेड होतं. कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेट ती इतक्या वेळा लावायची, की कुठल्या गाण्यात गिटारवाला घाम पुसतो हे तिच्या आईलाही पाठ झालं होतं. बारनिशी विचारत, “हा गातोय, की याची दाढ दुखतेय?” ती म्हणे, “बाबा, तुमच्या कानात शिक्क्याचा आवाज बसलाय. तुम्हाला नाही कळायचं.” एकदा परगावी ती एका हॉटेलच्या मागच्या दाराशी चार तास उभी राहिली आणि ड्रमवाल्याशी हात मिळवून आली. तो हात तिने दोन दिवस धुतला नाही. शेवटी आईने तिला धरून नळाखाली नेलं.

आणि मग बँड त्यांच्याच शहरात यायचं ठरलं. बावीस तारखेला, मोठ्या मैदानावर. लेकीने तीन आठवडे आधी रीतसर अर्ज दिला. बारनिशींनी शिक्का मारला, क्रमांक घातला दोनशे सतरा, आणि कागद कपाटाच्या खणात ठेवला. त्याच संध्याकाळी त्यांनी गुपचूप दोन तिकिटंही आणली. एक तिचं. दुसरं स्वतःचं, कारण पोरीला एवढ्या गर्दीत एकटीला कोण सोडणार? तिकिटं अर्जाच्या खाली ठेवून त्यांनी खणाला कुलूप लावलं. बायकोलाही सांगितलं नाही. बावीसच्या सकाळी चहाच्या कपाखाली सही केलेला अर्ज ठेवायचा, असा त्यांचा बेत होता.

अठराला लेक तापली. एकोणिसाव्या तारखेला तिला दवाखान्यात हलवलं. ताप मेंदूत गेला, डॉक्टर म्हणाले. मध्येच शुद्धीवर आली, तेव्हा ओठ कोरडे पडले होते.

“साहेब... अर्ज?”

“तू बरी हो. मग करतो सही.”

वीस तारखेला सगळं संपलं. तिला थंडी वाजेल म्हणून आईने बारनिशींचा तपकिरी स्वेटर तिच्या अंगात चढवला. कोपरावर निळ्या लोकरीचं ठिगळ असलेला, तोच ती घरभर घालून फिरायची. तो अंगावर असतानाच तिला नेलं. बावीसला कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. आवाज घरापर्यंत येत होता. त्यांनी खिडकी लावून घेतली.

नऊ वर्षांनी, निवृत्तीनंतर, एका दुपारी बायकोने लेकीच्या कॅसेटी पिशवीत भरून त्यांच्या हातात दिल्या. “बुरशी लागतेय. त्या दुकानात डिस्कवर उतरवून आणा.”

दुकान एका जिन्याखाली होतं. आतल्या खोलीला जाड काळा पडदा होता. पडद्याआड गेलं की दुपार तिथेच संपे. जुन्या फितींचा आंबट, ओलसर वास, यंत्रांची एकसुरी घरघर आणि टीव्हीच्या पडद्यांचा निळा उजेड. कॅसेटवाल्याला टक्कल पडलं होतं; पण उरलेल्या केसांची शेंडी बांधायची हौस गेली नव्हती.

“काका, तुम्ही आपल्या चौघांचे चाहते?” त्याने पिशवीत डोकावून विचारलं.

“मी? मी कान दुखण्याचा जुना पेशंट आहे.”

तो हसला. “मग हे बघाच. पहिला कार्यक्रम, बावीस तारखेचा. मीच फाटकाशी उभं राहून घेतलाय.”

पडद्यावर लोक फाटकातून आत शिरत होते. हात वर, तोंडं उघडी, ढकलाढकली. फाटकाच्या डाव्या खांबाशी एक मुलगी मात्र हलत नव्हती. चेहरा सावलीत होता. तिने हातातला कागद छातीशी धरला होता, आणि कोपरावर निळं ठिगळ होतं.

“थांबव,” बारनिशी म्हणाले.

चित्र थांबलं आणि थरथरत राहिलं.

“ओळखीचं कुणी?”

“...स्वेटर माझा आहे.”

कॅसेटवाला पुढे वाकला. “ही होय! हिला आम्ही सगळेच ओळखतो. दर दोन-तीन वर्षांनी कार्यक्रम झाला, की ही याच खांबाशी. आत येत नाही. एकदा मी म्हटलं, ‘जास्तीचं तिकीट आहे, चल.’ तर म्हणाली...”

“काय?”

“‘तिकीट आहे. सही राहिलीय.’”

यंत्रांची घरघर एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. कॅसेटवाल्याने पुढच्या तिन्ही कार्यक्रमांच्या फिती लावल्या. गायकाचं पोट सुटत गेलं, गिटारवाल्याचे केस गेले. खांबाशी मुलगी तशीच, एकोणीस वर्षांची. चौथ्या फितीत तिने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. कमरेवर हात ठेवून उभी होती.

घरी येऊन बारनिशींनी खण उघडला. किल्ली नऊ वर्षं त्यांच्याच खिशात होती. तिकिटं जागच्या जागी होती. अर्ज त्यांनी उलटा केला. पाठीमागे लेकीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : स्मरणपत्र पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. प्रत्येकापुढे कार्यक्रमाची तारीख होती, आणि प्रत्येकावर त्यांच्या आवक शिक्क्याचा ठसा.

बायको दारात उभी होती. त्यांनी सगळं सांगितलं. ती रडली नाही. पेन आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

“करा सही. पोरीने किती वर्षं ताटकळत राहायचं?”

त्यांनी टोपण काढलं. ‘मंजूर’ हा तीन अक्षरी शब्द. चौतीस वर्षांत तो त्यांनी हजारो कागदांवर पाहिला होता. पण सही झाली की ती आत जाईल. एकदा आत गेली, की फाटकावरच्या कुठल्याही फितीत पुन्हा दिसणार नाही. बारनिशींनी टोपण लावलं.

“उद्या करतो.”

“तिलाही असंच सांगितलं होतंत,” बायको म्हणाली आणि आत गेली.

त्याला चार महिने झाले. रोज दुपारी ते अर्ज काढतात, पेन उघडतात, आणि पुन्हा खणाला कुलूप लावतात. बँड म्हातारा झाला आहे. उद्या, बावीस तारखेला, त्याच मैदानावर त्यांचा शेवटचा कार्यक्रम आहे. त्यानंतर ते फाटक कुणासाठी उघडणार नाही.

आज दुपारी खण उघडला तेव्हा अर्जामागे पाचवं स्मरणपत्र आलेलं होतं. शाई बोटाला लागली. मजकूर असा :

‘उद्या शेवटचा कार्यक्रम आहे. साहेब, दुसरं तिकीट कुणाचं, हे मला माहीत आहे. खांबाशी थांबते.’

खणात तिकीट एकच उरलं आहे. त्यामागे पेन्सिलीने लिहिलंय, ‘बाबा’.

अर्ज विचाराधीन आहे.