साक्रीची जोडणी

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. माझं काही अडत नाही. पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेही दिवसाढवळ्या.

१९९६ सालचा दसरा. जळगाव.

आमची कपाशीच्या बियाण्यांची कंपनी. जळगावच्या कॉम्प्युटरवरून हुकूम सोडला की टेलिफोनच्या तारेतून तो साक्री, दोंडाईचा, बोदवडच्या कॉम्प्युटरपर्यंत जायचा आणि तिथलं काम आपोआप व्हायचं. ही जोडणी उभी करायचं काम माझ्याकडे होतं; ती पूर्ण होईपर्यंत प्रत्येक टोकाला एक माणूस लागायचा.

साक्रीच्या टोकाला झुलाल बसायचा. लाईन लागली की तो इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, 'तयार शे भाऊ.' मग मी काम सोडायचो.

श्रावणात तो तापाने फणफणला. आमचे मालक लीलाधर साहेब त्याला जळगावहून फोनवर म्हणाले, "जोडणी पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही."

तो उठला नाही. खुर्चीतच गेला.

जोडणी मात्र पूर्ण झाली होती. साहेबांनी पेढे वाटले. साक्रीला नवा माणूस नेमायची आता गरजच नव्हती.

दहाव्याला कावळा शिवेना...

भावांनी शेत सांभाळायचं वचन दिलं, पोरीच्या लग्नाचं दिलं. कावळा फांदीवरून हलला नाही. झुलालची बायको बेबाबाई मला म्हणाली, "भाऊ, त्यासना जीव काममा अटकेल शे. साहेबले सांगा, त्यासले मोकळं करा."

मी साहेबांना सांगितलं. ते हसले.

दसऱ्याला शाखांमधले कॉम्प्युटर प्लग काढून पूजेला ठेवले होते. त्या दिवशी अवजारांना विश्रांती. जळगावचं मशीन तेवढं साहेबांनी चालू ठेवायला लावलं. भर दुपारी मी एकटाच ऑफिसात.

मोडेम वाजला...

पडद्यावर अक्षरं उमटली. 'तयार शे भाऊ.'

दुसऱ्या फोनवरून मी साक्रीला नंबर लावला. तिथे एकच लाईन. मशीन जोडलेलं असेल, तर फोन एंगेज लागायला हवा...

घंटा वाजली.

वॉचमन धनसिंगने उचलला. "मशीन? बंद शे ना भाऊ. वायर गुंडाळीसन ठेयेल शे. वर हार टाकेल शे."

मी टाइप केलं, 'झुलाल, काम झालं. जा आता.'



मग उमटलं, 'साहेबले इचारं का?'

दसरा झाला तरी साक्रीचा प्लग मी लावू दिला नाही. तरीही काम रोज पूर्ण होत होतं. साहेबांना आणून दाखवलं. ते पडद्याकडे पाहत राहिले. चेहरा पांढराफटक. आणि मग काय म्हणावं त्या माणसाने?

"होतंय ना काम? चालू दे. पगार नाही, वीजही नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

दिवाळीच्या तोंडावर बेबाबाई एसटीने जळगावला आली. साहेबांपुढे हात जोडून उभी राहिली. "साहेब, त्यासले मोकळं करा ना?"

साहेबांनी मान वर केली नाही. "केव्हाच काढलं त्याला, बाई. कंपनीत त्या नावाचं आता कुणी नाही."

नवरा सुटला असं समजून ती बिचारी साहेबांच्या पाया पडली आणि डोळे पुसत गेली.

पलीकडे माझ्या पडद्यावर साक्रीचं काम चालूच होतं...

त्याच महिन्यात मी नोकरी सोडली. ती जोडणी पुढे कुणी तोडली का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.