आवतण दिलेली नदी

अंथरुणं आधी नीट टाका रे. माळवदाच्या कडेला कुणी झोपायचं नाही. आणि गुरू, तो रेडिओ बंद कर. मी बोलत असताना मधे दुसरं कुणी बोललेलं मला खपत नाही. पंचवीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, साठ-साठ माणसं एका आवाजात गप्प बसवलीत. तुम्ही तर चारच जण.

आणि ही गोष्ट नव्हे. गोष्ट म्हणाल तर उठून खाली जाईन. संगप्पा अजून जिवंत आहे, इथंच बाळी वेशीकडे राहतो. उद्या जाऊन विचारा. तो काही सांगणार नाही, पण माणूस खरा आहे एवढं तरी कळेल.

सीना नदीत, खाली दक्षिणेला, एक बेट आहे. नाव सांगत नाही. तुम्ही कार्टी सुट्टीत सायकली घेऊन निघाल. वीसेक घरांची वस्ती, सगळे आपलेच लोक, निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलणारे. उन्हाळ्यात ते नुसतं नावाचं बेट. पात्रात वाळू, वाळूतनं गाडीवाट. लग्नं, सोयरिकी, जत्रा सगळं तेव्हाच उरकून घ्यायचं. मृग जवळ आला की मीठ, रॉकेल, काड्यापेट्या भरायला सोलापूरला यायचे आणि माझ्या गाडीच्या टपावर बोट ठेवायला जागा ठेवायचे नाहीत. लगेजचं तिकीट म्हटलं की भांडायला तयार. एकदा नदी आली की दसऱ्यापर्यंत ज्ञानबा कोळ्याची नाव, तीही ज्ञानबाच्या मर्जीनं. मृगाआधी माहेरी गेलेली सून दसऱ्याचं सोनं वाटायलाच परत यायची. दसऱ्यानंतर पाणी उतरलं की धोतर खोचून चालत. असं त्यांचं वर्ष.

आता त्यांची एक रीत ऐका, ती महत्त्वाची आहे. नवं गढूळ पाणी आलं की अख्खं बेट हलगी वाजवत काठावर जायचं. बायका नदीची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ. आणि त्या दिवसापासून पायवाट बंद! पाणी गुडघ्याएवढं असलं तरी दसऱ्यापर्यंत कुणी पाय घालायचा नाही, नावेतनंच जायचं. नदी आपल्या घरी आली, आता तिच्या अंगावरनं चालायचं नाही, असं ते मानायचे.

बहात्तर साली पाऊसच आला नाही. मृग गेला, आर्द्रा गेली, आषाढ लागला, तरी सीनेत वाळूच. ओटी भरायची कुणाची? सगळे बसले विचार करत. तेव्हा म्हातारा बसलिंगप्पा म्हणाला, "पानी न्हाई म्हनून रीत मोडायची का? येत नसंल तर आपुन आनू की."

आणि आणलं! पात्राच्या मधोमध खड्डा केला, घरटी एक घागर विहिरीचं पाणी त्यात ओतलं, हलगी वाजवली, ओटी भरली. बायकांनी पदर पसरून सांगितलं, ये बाई, आमच्याकडं ये. संध्याकाळपर्यंत वाळूनं ते पाणी पिऊन टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळे त्याच वाळूतनं, त्याच खड्ड्याशेजारनं चालत खडी फोडायच्या कामावर गेले! वाट बंद ठेवायची कुणाला आठवण नाही. ठेवणार तरी कशी, नाव चालायला पाणी नको का? ज्ञानबानं नाव पात्रात पालथी घातली आणि लेकीकडं केमला निघून गेला.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. पाहुण्याला आवतण द्यायचं आणि त्याच्या अंगावर पाय देऊन चालायचं, ही कुठली रीत? बोलवायचं नव्हतं तर बोलवायचं नव्हतं.

तर संगप्पा. तिशीचा गडी, दणकट, हसरा, जरा आगाऊ. बायको सिद्धम्मा. लग्नानंतर नवव्या वर्षी झालेली एकच मुलगी, दाक्षायणी, तेव्हा सात वर्षांची. श्रावणाच्या तोंडावर बेटावरची विहीर तळाला गेली आणि पोरं आजारी पडायला लागली. तेव्हा ठरलं, पोरीला सोलापुरात मावशीकडं ठेवायची. माझी गाडी काठावरच्या गावात मुक्कामी असायची, पहाटे पाचला सुटायची. ती गाठायची, एवढंच काम.

दिव्याच्या आवसेची पहाट होती ती. मंगळवारची रात्र सरत आलेली, बुधवार उजाडायचा होता. सिद्धम्मा आदल्या दिवशी दुपारपासून नवऱ्याच्या मागं लागली होती.

"दिस असताना जावा की. रातच्याला गाडीतच झोपा पोरीला घिऊन."

"त्या गाडीत ढेकनं लई हायती," संगप्पा म्हणाला.

माझ्या गाडीत ढेकूण नव्हते. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगतो.

"अंदाराचं पात्रातनं नगं वाटतंय मला," ती म्हणाली.

"कोरड्या वाळूत काय बुडतोय का काय मी?"

तीनच्या सुमाराला निघाला. पोरीला खांद्यावर बसवलं, एका हातानं तिचा पाय धरला, दुसऱ्या हातात कंदील. गाठोडं पाठीला बांधलेलं. पोरगी पेंगत होती, हनुवटी बापाच्या डोक्यावर टेकून.

पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं, गाडीत माझ्या शेजारी बसून.

दरड उतरून तो वाळूत आला. वाळू करकर वाजत होती. वारा सुटला होता, धूळ डोळ्यांत जात होती. ज्ञानबाची पालथी नाव डाव्या हाताला दिसली. पुढं तो ओटीचा खड्डा. खड्डा ओलांडला.

आणि वाळू वाजायची थांबली.

त्याला आधी कळलं नाही, काय बदललं ते. मग घोट्याला गार लागलं. त्यानं कंदील खाली धरला. कोरडी वाळू. वाऱ्यानं उडणारी, पांढरी, कोरडी. पण पाय उचलेना... जड झाला होता. पाण्यात चालताना होतो तसा.

"अप्पा," पोरगी म्हणाली, "पानी आलं."

"झोप गं."

"आलंय, अप्पा."

गुडघ्याला लागलं. मांडीला. उजव्या अंगानं रेटा यायला लागला. बेटावरचा माणूस तो, ओढ कशी असते ते त्याला शिकवायला नको. त्यानं पाय फाकवले, अंग तिरकं केलं. नदीत करतात तसंच. आणि तोंडावर मात्र धूळ येत होती... दातांत वाळू येत होती...

त्यानं पुन्हा कंदील खाली नेला. नीट बघावं म्हणून. कमरेपाशी आल्यावर कंदील चर्रर्र झाला. विझला.

काळोख. आवसेचा.

तो ओरडला. त्याचाच आवाज त्याला ऐकू आला नाही. पाण्याचा आवाज तेवढा होता... पूर आल्यावर येतो तसला, लांबून, खालून. पोटाला लागलं. छातीला.

तेवढ्यात समोर लाकूड वाजलं. वल्ह्याचा आवाज. चुबुक... चुबुक...

"संगप्पा," आवाज आला. ज्ञानबाचा. "पोरगी दे हिकडं. नावंत दे."

त्याला इतकं बरं वाटलं, म्हणाला, की रडूच आलं. ज्ञानबा आला! त्यानं पोरीला उचललं. दोन्ही हातांनी. पुढं केली.

पोरीनं त्याचे केस घट्ट धरले.

"अप्पा, नगं."

"अगं, ज्ञानबातात्या हाय."

"न्हाई... नाव मोकळी हाय, अप्पा."

तेव्हा त्याला आठवलं. ज्ञानबा केमला आहे.

त्यानं पोरीला मागं ओढलं. पुन्हा खांद्यावर घेतली. समोर वल्हं थांबलं. बराच वेळ... काही नाही. मग अगदी कानाशी, शांतपणे...

"दे की. तुमीच बोलावलं न्हवं?"

तो पळाला. पाण्यात कुठं पळता येतं? तरी पळाला. छातीवर पाणी, तोंडात धूळ, पोरीचे दोन्ही पाय छातीशी आवळलेले. मागनं नाव येत होती. जवळ. अगदी पाठीमागं. दरडीची माती हाताला लागली. वर चढला. ओरबाडत, गुडघ्यांवर.

मागं नाव काठाला येऊन टेकली. एकदाच. ठक्.

त्यानं वळून पाहिलं नाही.

मी मागच्या लांब सीटवर झोपलो होतो. कुणी तरी गाडीचा पत्रा बडवायला लागलं. मी आतनं शिव्या घातल्या. पाच वाजल्याशिवाय दार उघडत नाही म्हणालो. बडवणं थांबेना, तेव्हा बॅटरी घेऊन उतरलो. संगप्पा. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या, धोतर कोरडं ठणठणीत, आणि अंग असं कापतंय की दातांवर दात आपटतायत. ओठ निळे. बुडताना बाहेर काढलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय.

"पोरगी बगा," तो म्हणाला. "डोस्कं बगा तिचं. कोरडं हाय न्हवं?"

मी बॅटरी मारली. पोरगी त्याच्या मानेवर झोपलेली. केस कोरडे, तोंड कोरडं, झंपर कोरडं.

"कोरडी आहे की रे, वेड्या. पाणी आहे कुठं तालुक्यात भिजायला?"

तो हसायला लागला. मग तिथंच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. "वर धरली व्हती," म्हणत होता, "हातभर वर धरली व्हती मी तिला." मी त्याला घोंगडी दिली, पोरीला सीटवर आडवी केली. तिचं अर्धं तिकीट फाडलं नाही. पंचवीस वर्षांत फुकट आणलेली ती एकच.

सोलापूर स्टँडवर गाडी रिकामी झाली. पोरीला जाग आली, ती आपली आपण सीटवरनं उतरली आणि बापाच्या मागं दाराकडं चालत गेली. मी मागं उभा होतो. दुष्काळाची धूळ गाडीत बोटभर साचलेली असायची. त्या धुळीत तिची पावलं उमटत गेली. ओली. सीटपासून दारापर्यंत.

खांद्यावर बसलेल्या पोरीचे पाय कुठं येतात रे? बोला की, आता का गप्प? बापाच्या छातीवर येतात. आम्ही दोघांनी तिचं डोकं पाहिलं. पाय कुणी पाहिलेच नाहीत.

संगप्पा पुन्हा बेटावर राहायला गेला नाही. इथंच हमाली धरली, सिद्धम्माला आणलं. दर वर्षी आषाढ लागला की पोरीची पावलं ओली व्हायची आणि दसऱ्याला सुकायची. पुसली की पुन्हा ओली. डॉक्टर म्हणाले, तळपायाला घाम येतो. गुरू, हसू नकोस, तूही हेच म्हणणार होतास. घाम गढूळ असतो का? वाळल्यावर फरशीवर वाळू राहते का? चौऱ्याहत्तरला घोटे ओले. शहात्तरला पोटऱ्या. संगप्पा दर साली जाऊन नदीची ओटी भरून आला, चुकलं म्हणाला, वाळूत डोकं आपटून आला. गेल्या वर्षी गुडघ्याच्या वर आलं होतं. त्या पोरीवर माझा जीव आहे, आणि मला काही करता येत नाही. मी तिकिटं फाडणारा माणूस.

परवा तिकडं गेलो होतो. अजून ज्येष्ठ चालू आहे, आषाढाला आठवडा आहे, आभाळात ढग नाही. म्हणजे काळजी नको, असं धरूनच गेलो. सिद्धम्मा मोरीत परकर पिळत होती. माझ्याकडं बघितलं नाही तिनं. दाक्षायणी बाजेवर बसली होती. चौदा वर्षांची झाली आता, चांगली उंच झालीय. अंगावर दुसरा परकर, पिवळ्या मोठ्या फुलांचा.

"काका," ती म्हणाली, "यंदा लौकर आलंय."

सिद्धम्मानं चहा दिला. मी बसलो तेव्हा परकर मांड्यांपर्यंत भिजलेला होता. त्याच्या वर, कमरेजवळ, एक फूल कोरडं होतं. मी चहा बशीत ओतला, प्यायलो. पोरगी माझ्याकडं बघत होती, हलत नव्हती.

कप खाली ठेवला तेव्हा ते फूल भिजलं होतं.