दत्तोबांची मंदगोळी

पूरमदत केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. वृंदा ढवळीकरांनी स्ट्रेचरवरच्या दत्तोबांची नाडी धरली आणि पुढचा ठोका पडेपर्यंत अर्धा कप चहा संपवला.

"झकास चाललीय," त्या म्हणाल्या.

गावाला नऊ दिवस पाण्याचा वेढा होता; आज कुठे होडी दत्तोबांना इथे घेऊन आली होती. दत्तोबांची मूत्रपिंडं निकामी. दिवसाआड डायलिसिस झालं नाही तर रक्तात विष साचायचं. म्हणून पाणी चढू लागताच वृंदाबाईंनी त्यांना मंदगोळी दिली होती.

"शरीराचं घड्याळ शंभरपट सावकाश!" गोळीचे जनक डॉ. इनामदार छाती फुगवून म्हणाले. "आपले नऊ दिवस, त्यांचे जेमतेम दोन तास. विष साचणार कधी?"

"आणि यांच्या पोटात हे काय डुचमळतंय?" वृंदाबाईंनी विचारलं.

दत्तोबांच्या पत्नी अनसूयाबाईंनी पदर सावरला. "पाच शहाळी. शाळेच्या गच्चीवर होतो आम्ही. आजाऱ्याला बघायला माणसं रिकाम्या हातानं येतात होय? चमच्यानं पाजलं. एकेक घोट गिळायला पाच-पाच मिनिटं, पण गिळलं हो!"

इनामदारांचा चेहरा उतरला. मूत्रपिंडं निकामी असलेल्या माणसाला शहाळ्यातलं पोटॅशियम म्हणजे थेट हृदयावर घाला. "जागं केलं तर सगळं रक्तात जाईल. जातील हे!"

"मग जागं करतंय कोण?" वृंदाबाई म्हणाल्या. "शहाळी अजून पोटातच आहेत, नळीनं काढू. रक्तात उतरलंय तेवढं यंत्र धुईल. यंत्राला कुठे गोळी दिलीय?"

अनसूयाबाई चार तास नवऱ्याचा अंगठा धरून बसल्या. मग वृंदाबाईंनी जागं करायचं इंजेक्शन दिलं.

दत्तोबांनी डोळे उघडले. "बाई, सुई लावली आणि लगेच काढली? विसरलात की काय?"

"चार तास झाले, दत्तोबा."

अकरा वर्षं दर डायलिसिसला छताचा पंखा बघत काढलेले ते चार तास! दत्तोबा लहान पोरासारखे हसले. "मग यापुढे दर खेपेला गोळीच द्या मला!"

"थांबा," अनसूयाबाई म्हणाल्या. "आठवड्याला तीन खेपा, म्हणजे बारा तास यांचं वय वाढायचंच नाही?"

"जवळजवळ नाहीच."

त्यांनी बोटांची पेरं मोजली. "मी यांच्याहून दोन महिन्यांनी धाकटी. नऊ दिवस पुरात गेले. म्हणजे दोन वर्षांत मी थोरली होणार की!"

इनामदारांनी हिशेब केला. अगदी बरोबर निघाला.

अनसूयाबाई चपला काढून शेजारच्या खाटेवर चढल्या आणि डॉक्टरीणबाईंपुढे हात पसरला.

"पुढच्या खेपेपासून दोन गोळ्या. आणि ही खाट माझी."